दुसरी सही

भिलाईत राहणारा माणूस हीटर घ्यायचा म्हणाला की लोक आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहतात. इथं आठ महिने ऊन, दोन महिने चिखल, आणि उरलेल्या दोन महिन्यांत सकाळी जे काही पडतं त्याला आमची स्टील प्लांटातली माणसं थंडी म्हणत नाहीत, "जरासं बरं वाटून राहिलं" म्हणतात. अशा गावात माझ्या उस्तादांनी एक हीटर निवडायला दीड वर्ष घेतलं. तो हीटर आज माझ्या घरी कपाटामागे उभा आहे. उस्ताद तीन-चार सालांमागं गेले. त्यांचा मुलगा हैदराबादहून आला, तेव्हा तो हीटर उचलून घेऊन आला आणि म्हणाला, "काका, बाबूजी बोल के गए थे, ये आपको देना है." बायको दर डिसेंबरात म्हणते, एकदा लावून तं पाहा. मी लावत नाही. कावून लावत नाही ते तिला धड सांगितलेलंही नाही.

उस्ताद म्हणजे प्लांटात ज्याच्या हाताखाली तुम्ही काम शिकता तो. माझे उस्ताद इलेक्ट्रिकलमध्ये होते, मूळचे भंडाऱ्याकडचे, सेक्टर दहाच्या क्वार्टरात राहणारे. बुटके, काळेसावळे, पाठीत किंचित वाकलेले. शर्टाच्या खिशात पेन नसे, टेस्टर असे. कोणाच्याही घरी गेले की "या, बसा" होईपर्यंत त्यांचा टेस्टर पंख्याच्या बोर्डात गेलेला असायचा. घरच्या बाईला वाटे, पाव्हणा चहा तरी घेईल की नाही. चहा घेत, पण अर्थिंग नाही असं दिसलं तर तो अंगणात उभ्यानं घेत.

"करंट कोणाचा मामा नाई, बाबू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाबू म्हणजे मी. आता माझे केस पांढरे झालेत, तरी ते जाईपर्यंत मी बाबूच होतो.

गोंदियाला त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं, ते अजून त्यांच्या नातेवाइकांत सांगतात. भर दुपारचा मुहूर्त, अंतरपाट धरलेला, भटजी माइकवर सुरू. उस्तादांनी पाहिलं की जनरेटरची वायर लोखंडी खुर्च्यांवरून ओढत आणलीय आणि अर्थिंगचा पत्ता नाही. त्यांनी कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. सरळ जाऊन मेन पाडला. माइक बंद, पंखे बंद, व्हिडिओ बंद. मुलीचा मामा धावून आला. उस्ताद म्हणाले, "फावडं आणा. आणि एक पिशवी मीठ, एक पिशवी कोळसा." आणि नव्या कोऱ्या कपड्यांत त्यांनी मांडवाच्या मागे खड्डा खणून अर्थिंग केलं. मीठ, कोळसा, वरून दोन बादल्या पाणी. मुहूर्त टळला तो टळलाच. तिथून पुढं तीन-चार लग्नांच्या पत्रिका त्यांना आल्या नाहीत. काकू, म्हणजे त्यांच्या बायको, हा किस्सा सांगताना पदर तोंडाला लावून हसायच्या. "माय वो, मले वाटलं आता सात फेऱ्यासंगं अर्थिंगचीबी पूजा हाये का काय!"

या स्वभावापायी ते कधी लॉजवर राहिले नाहीत. "दुसऱ्याच्या वायरिंगखाली मी झोपत नाई," म्हणायचे. त्यामुळे काकूही कुठं राहिल्या नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात भंडारा, गोंदिया आणि सेक्टर दहा, बस.

आता सहीचं सांगतो, कारण सगळं तिथंच अडलं.

प्लांटात लाईनवर काम करायचं तर परमिट लागतं. एक कागद असतो. काम करणारा लिहितो, काय करणार, कुठली लाईन बंद केली. खाली त्याची सही. मग दुसरा माणूस स्वतः जाऊन डोळ्यांनी पाहतो आणि दुसरी सही करतो, खाली घड्याळ पाहून वेळ टाकतो. ही दुसरी सही झाली नाही तर ब्रह्मदेव आला तरी काम सुरू होत नाही. काम संपलं की त्याच कागदावर परमिट परत करायचं. माणसं निघाली, सामान निघालं, लाईन मोकळी, असं लिहून पुन्हा दोघांच्या सह्या.

मी नवीन होतो तेव्हा एकदा चहाच्या टपरीवर बसूनच दुसरी सही केली. कोण जातं एवढ्या लांब पाहायला! उस्ताद उठले. मनगट धरून मला पॅनलपर्यंत चालवत नेलं आणि टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लागला. फ्यूज काढायचा कोणीतरी विसरलं होतं. "पाह्य," ते म्हणाले, "या दिव्यावर तुही सही हाये." आईशपथ, त्या दिवशी त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं.

ही परमिटची रीत त्यांनी घरीही आणली होती. क्वार्टरातून सगळे बाहेर पडले की कुलूप लावायच्या आधी ते दारात उभे राहून मोठ्यानं विचारत, "माणसं निघाली? सामान निघालं? लाईन मोकळी?" मुलं लहान असताना ओळीनं उभी राहायची. मुलं मोठी होऊन गेली, मग एकट्या काकूच उरल्या, तरी प्रश्न तोच. काकू पायरीवरून ओरडायच्या, "निघाली जी माणसं! तुमीच राहिले!" शेजारच्या तेलुगू बाईलाही हे पाठ होतं. ती आपल्या कुंपणाआडून हसायची.

तर काकूंना मैनपाट पाहायचं होतं, ते आमच्याकडचं थंड हवेचं ठिकाण. भजनाच्या बायकांपैकी एकीनं फोनवर दाखवलं होतं, तिकडं डोंगरावर पहाटे गवतावर पांढरं दव गोठतं. काकूंनी ते मनात धरलं. "मले एकदा गवत पांढरं झालेलं पाहाचं हाये," त्या म्हणाल्या. नवऱ्याकडं त्यांनी यापूर्वी काही मागितल्याचं मला आठवत नाही. पण त्यांना दमा होता. डॉक्टर म्हणाले, जा, पण झोपायची जागा गरम पाहिजे. शेकोटी नको, धूर नको. म्हणजे विजेचा हीटर. आणि लॉज तर चालणारच नाही.

रिटायर झाल्यावर उस्तादांनी अहिवाऱ्याच्या एका शाळेची जुनी पिवळी व्हॅन घेतली. जामुलला ओळखीचा वेल्डर होता, त्याच्याकडून आत दोन बाकं झोपायला आणि एक ओटा करून घेतला. वायरिंग अर्थातच स्वतःची. मैनपाटला एक मास्तर ओळखीचे होते, त्यांच्या अंगणात गाडी उभी करायची आणि त्यांच्या घरून वायर ओढायची. मास्तरांना फोन करून आधी अर्थिंगची चौकशी झाली. मास्तर म्हणाले, "वो क्या होता है?" झालं. दुसऱ्या दिवशी गाडीत तांब्याचा रॉड, मिठाची पिशवी आणि कोळशाची पिशवी येऊन पडली.

मग हीटर. उघड्या कॉइलची शेगडी आमच्या टाउनशिपात घरोघर, निम्म्या सेक्टरनं त्यावरच वरण शिजवलं. उस्ताद म्हणाले, "गाडीत गादी, गादीले कापूस. हे नाई." मग लाल रॉडचा हीटर आणला. पडला की आपोआप बंद होतो असं डब्यावर लिहिलेलं. उस्तादांनी तो अंगणात पाडून पाडून पाहिला, संध्याकाळपर्यंत पाडत होते. एकदा तो पडूनही लाल राहिला. गेला परत. मग हवा फेकणारा आला, पंख्याचा. त्यानं पाच मिनिटांत गाडी गरम केली, पण सगळी धूळ उडवली आणि काकूंना खोकल्याची अशी उबळ आली की उस्तादांनी प्लग न काढता वायरच ओढली. हे त्यांच्या हातून झालेलं मी एकदाच पाहिलं. शेवटी तेलाचा आला. लोखंडी पट्ट्यापट्ट्यांचा, आत तेल भरलेला, ना उजेड ना आवाज. गरम व्हायला वेळ लागतो, पण हवा कोरडी करत नाही, धूळ उडवत नाही. खाली चाकं होती ती काढून उस्तादांनी त्याला पट्टीनं गाडीच्या तळाशी आवळला.

"आता परमिट," उस्ताद म्हणाले आणि परमिटबुक काढलं. रिटायर होताना बाकी लोक भिंतीवरची घड्याळं घेऊन आले, यांनी छापखान्यातून तसंच एक बुक छापून घेतलं होतं! दुसरी सही माझी.

काकू म्हणाल्या, "आपुन फिरायले जावून राहिलो का भट्टीवर?"

"तुह्या छातीचा सवाल हाये," उस्ताद म्हणाले.

पण थंडीच नाही तर हीटर तपासायचा कसा? उस्तादांनी शिकवलेला एक जण अहिवारा रोडवरच्या बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये इलेक्ट्रिशियन होता. दिवाळीनंतर तिथली एक खोली रिकामी होत आलेली, मशीन मात्र सुरू. एका रविवारी सकाळी आम्ही ती पिवळी गाडी उलटी घालत घालत त्या खोलीत नेली. पोरं शाळेत जातात तशी गाडी थेट बटाट्यांत! हमाल काम सोडून पाहत राहिले. आत चार डिग्री. काकू हट्टानं आल्या होत्या, डब्यात पोळ्या आणि बेसन घेऊन. अंगात स्वतः विणलेला जाड निळा स्वेटर, पायात लोकरीचे मोजे. भिलाईच्या उन्हात बसून त्यांनी ते विणले तेव्हा सगळ्या बायका हसल्या होत्या.

गाडीतून उतरून त्या बटाट्यांच्या पोत्यांमध्ये उभ्या राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, "अहो जी, पाहा, माह्या तोंडातून वाफ निघून राहिली!" मग फुंकर मारून मारून वाफ काढत राहिल्या. साठी उलटलेली बाई. मला म्हणाल्या, "मैनपाटले असंच असते का बाबू?"

"याहून जास्त, काकू. वर गवत पांढरं."

"गवत पांढरं," त्या म्हणाल्या.

आम्ही तिघं आत बसलो. पाऊण तासात थर्मामीटर एकवीसवर गेला आणि तिथंच थांबला. काकूंनी टोपी काढली, स्वेटरचं वरचं बटण काढलं. श्वास अगदी स्वच्छ चालला होता. "आता इथूनच चला मैनपाटले," त्या म्हणाल्या. उस्तादांनी परमिटबुक उघडून माझ्यापुढं धरलं.

मी प्लगला हात लावला. प्लग किंचित कोमट होता.

आता खरं सांगतो. एवढा भार तासभर ओढला की कोणताही प्लग तेवढा कोमट होतो. मला ते माहीत होतं. त्यांनीच शिकवलं होतं. पण पंचवीस वर्षं या माणसानं माझ्या कामात चुका काढल्या होत्या, आणि आज पहिल्यांदा त्यांच्या कामावर बोट ठेवायला मला जागा सापडली होती. मी फार गंभीर चेहरा करून म्हणालो, "उस्ताद, प्लग गरम हाये. मी सही नाई करत."

काकू म्हणाल्या, "कावून रे बाबू? करून टाक ना."

उस्तादांनी प्लगला हात लावला, बराच वेळ लावून ठेवला. मग माझ्या पाठीवर थाप मारली. "शाबास! याले म्हणते दुसरी सही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मी मूर्ख, फुगलो. घरी जाऊन बायकोला सांगितलं की आज उस्तादांनी मला शाबास म्हटलं.

त्यांनी सगळं पुन्हा केलं. प्लग बदलला, सॉकेट बदललं, वायर एक नंबर जाड टाकली. डिसेंबर अर्धा झाला तोवर. मग मला फोन आला, ये, पाहून जा. मी म्हणालो, या रविवारी येतो. त्या रविवारी घरी पाव्हणे आले. पुढच्या रविवारी साळ्याचा साक्षगंध. त्याच्या पुढच्या रविवारी काहीच नव्हतं. नुसता कंटाळा. दुपारी जेवून झोपलो आणि फोन वाजला तेव्हा बायकोला म्हणालो, सांग बाहेर गेले. सेक्टर दहा माझ्या घरापासून सायकलनं वीस मिनिटं आहे.

दुसरं कोणी असतं तर गाडी काढून निघून गेलं असतं. सही गेली चुलीत! उस्तादांना हे सुचलंही नसेल.

संक्रांतीला काकू स्वतः आल्या. तिळगुळाची पुडी दिली, बसल्या, पाणी प्यायल्या. जाताना म्हणाल्या, "बाबू, थंडी सरून राहिली रे. येतं का?"

"येतो काकू. या रविवारी पक्का."

"तुले काम असते, माहीत हाये मले," त्या म्हणाल्या. त्यांनी हे रागानं म्हटलं नव्हतं. तेच अजून टोचतं.

मी गेलो तेव्हा फेब्रुवारी लागला होता. उस्ताद अर्ध्या बाह्यांच्या शर्टात गाडीजवळ उभे. मी सगळं पाहिलं, प्लगला हात लावला. आधीएवढाच कोमट होता. मी सही केली, वेळ टाकली. त्यांनी मास्तरांना फोन लावला. मास्तर म्हणाले, "अब क्या आओगे, यहाँ तो धूप निकल गई." उस्तादांनी फोन ठेवला आणि काकूंकडं पाहून म्हणाले, "पुढच्या साली. परमिट चालू हाये आता. मैनपाट कुठं पळून जाते?" काकू म्हणाल्या, "हो ना." आणि आत चहा टाकायला गेल्या. मला त्यांनी दोनदा साखर विचारली.

भाद्रपदात काकू गेल्या. पावसाळाभर छाती भरत होती, शेवटचे आठ दिवस दवाखान्यात होत्या. मी रोज जात होतो. वीस मिनिटांची वाट आता मला रोज सापडत होती. एकदा त्यांनी खुणेनं जवळ बोलावलं, मला वाटलं काही सांगतील. त्यांनी फक्त पंखा कमी करायला सांगितला, थंडी वाजत होती म्हणून.

तेरावा झाला, मुलगा हैदराबादला परत गेला. दोन दिवसांनी सकाळीच उस्ताद माझ्या दारात. दाढी वाढलेली, खिशात टेस्टर नाही. हातात परमिटबुक.

"परमिट उघडं राहिलं हाये," ते म्हणाले. "परत कराचं हाये. चाल."

मी म्हणालो, "उस्ताद, राहू द्या ना आता."

"उघडं परमिट राहू देत नसते. मी तुले हेच शिकवलं का?"

आम्ही सेक्टर दहाला गेलो. गाडी क्वार्टराच्या बाजूला झाडाखाली उभी, टपावर पालापाचोळा. त्यांनी आपली सही आधीच केली होती. कारणाच्या रकान्यात त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, काम झाले नाही. कागद पुढं केला आणि म्हणाले, "पाहून कर."

मी आत गेलो. हीटर तळाशी आवळलेला, त्यावर जुनी चादर. वरच्या फळीवर काकूंचे ते लोकरीचे मोजे होते, एकात एक घालून गोळा केलेले. मी खाली बसलो. किती वेळ बसलो कोण जाणे. त्या गाडीला अजून बटाट्यांचा वास येत होता. ही बाई आयुष्यात एकदा फिरायला निघाली आणि कोल्ड स्टोरेजपर्यंत जाऊन परत आली. आणि ते माझ्यामुळं. प्लगामुळं नाही, थंडीमुळं नाही.

बाहेर येऊन मी म्हणालो, "उस्ताद, सामान आहे अजून आत."

"कोणतं?"

"काकूंचे मोजे."

त्यांनी गाडीचं दार लोटून घेतलं. "ते राहू दे," म्हणाले. "आधी माणसं पाहाची असते." मग नेहमीसारखे उभे राहिले, कुलूप लावायच्या आधी राहत तसे, आणि मोठ्यानं विचारलं, "माणसं निघाली?"

शेजारची तेलुगू बाई कुंपणाशी कपडे वाळत घालत होती, तिचा हात थांबला.

उस्तादांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग स्वतःच म्हणाले, "निघाली. मीच राहिलो."

मी त्यांच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. सहीखाली वेळ टाकायची असते, ती मला टाकता आली नाही. त्यांनी वळून माझ्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि स्वतःच्या हातानं टाकली.